नऊ कोंबड्या, एक अंडं

घरामागच्या अंगणात सात कोंबड्या होत्या, तेव्हा दिवसाला पाच अंडी मिळायची, कधी सहा. दोन महिन्यांपूर्वी त्यांत दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याच्या वयाच्या तरण्या कोंबड्या, आल्या आणि कोंबड्या नऊ झाल्या. अंडी वाढायला हवी होती. झालं उलटंच. गेले पाच आठवडे दिवसाला एक अंडं, फार तर दोन. कोंबड्या खातपीत होत्या, अंगणभर हिंडत होत्या. कुणी मान टाकून बसली नव्हती, एकही दगावली नव्हती. घरच्यांनी पाण्यात जीवनसत्त्वांचं टॉनिक घालून पाहिलं, दाणे वाढवले, पेटीतलं गवत बदललं. काही उपयोग झाला नाही. मी कोंबड्या पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी आधी हेच विचारलं, "यांना काय खायला घातलं म्हणजे अंडी देतील?"

हे जवळजवळ सगळेच विचारतात. त्या दिवशी मीही त्याच वाटेने गेले आणि त्यात बारा दिवस गेले. ते बारा दिवस कसे वाचले असते हे सांगायचं आहे, म्हणून प्रकरण बारकाव्यांसह लिहिते आहे.

नवांमध्ये चार तांबड्या संकरित लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच्या जातीच्या, होत्या, साधारण वीस महिन्यांच्या. तीन जुन्या, वय तीन वर्षांच्या पुढे. आणि दोन नव्या तलंगा, सात महिन्यांच्या. खुराडं लाकडी, आत बसायला दोन दांड्या, अंडी घालायला दोन पेट्या. खाद्याचं भांडं एक, पाण्याचं एक. सकाळी दार उघडलं की कोंबड्या बाहेर, अंधार पडताना आत.

खाद्याच्या डब्याचं झाकण काढलं आणि मला वाटलं, कारण सापडलं. लेयर खाद्य होतं, पण अर्ध्याला अर्धं. उरलेला अर्धा भाग भरडलेला मका आणि गहू. वर घरातलं उरलंसुरलं अन्न. अंडी कमी झाली म्हणून त्यांनी दाणे वाढवले होते, म्हणजे दुखण्यावरचा उपाय दुखणंच वाढवत होता. अंड्यावरची, म्हणजे अंडी देत असलेली, कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाते. चांगल्या लेयर खाद्यात सोळा-सतरा टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. हिशोब सोपा आहे. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. नुसतं लेयर खाद्य खाल्लं तर कोंबडीच्या पोटात रोज चार ग्रॅमच्या आसपास जातं. त्यातलं निम्मं अंगी लागतं, म्हणजे एका अंड्याचं भागतं. खाद्यात अर्धे दाणे मिसळले की हातात राहतो एक ग्रॅम. बाकीचं ती आपल्या हाडांतून काढते. काही दिवस ते चालतं, मग कवच पातळ होतं, मग अंडी थांबतात.

मी दाणे बंद करायला सांगितले. संध्याकाळी मूठभर, तेही सगळ्यांत मिळून. बाकी पोटभर लेयर खाद्य, आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा जाडसर चुरा. जाडसर अशासाठी, की कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री होतो. तेव्हा कोंबडी काही खात नसते. पोटातले मोठे कण सावकाश विरघळत राहतात आणि रात्रभर पुरतात. बारीक पूड लवकर निघून जाते. चुरा खाद्यात मिसळायचा नाही. जिला हवा ती खाते, अंड्यावर नसलेलीला तो सक्तीने मिळू नये.

बाराव्या दिवशी फोन आला. कवच आता हाताला दणकट लागत होतं. अंडी मात्र एक किंवा दोन, तशीच.

हा निरोप ऐकून मला माझी चूक कळली. खाद्य चुकीचं होतं यात शंका नाही. पण खाद्य सुधारल्यावर कवच सुधारलं आणि संख्या जागेवरून हलली नाही, म्हणजे संख्येचं कारण दुसरीकडे होतं. मी एक दोष दिसला म्हणून थांबले होते. नऊ कोंबड्यांपैकी अंड्यावर किती आहेत, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. "कोंबड्या अंडी देत नाहीत" या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, अंडी घातलीच जात नाहीत. दुसरी, घातली जातात पण आपल्या हाती लागत नाहीत. हे वेगळं करायला दहा मिनिटं आणि दोन हात पुरतात.

दुसऱ्या खेपेला मी एकेक कोंबडी मांडीवर घेतली आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला वही घेऊन शेजारी बसवलं. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं घातलं. पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. तुरा लालभडक, भरलेला आणि मऊ आहे की आकसलेला, फिकट. अंडं बाहेर येतं ते द्वार रुंद, ओलसर आणि फिकट आहे की लहान, कोरडं, आवळलेलं. शेपटीखाली त्या द्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं आडवी बसतात, अंडी थांबलेलीत जेमतेम एक. मग छातीच्या हाडावरून बोट फिरवायचं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं, सुरीच्या धारेसारखं टोचू नये. शेवटी द्वाराभोवतीची आणि पंखांखालची पिसं फुंकून मागे सारायची आणि मुळाशी उवा किंवा त्यांची अंडी आहेत का पाहायचं.

वहीत जे उतरलं त्याने प्रकरणाचा सगळा नकाशा बदलला. चार कोंबड्या स्पष्टपणे अंड्यावर होत्या: तीन संकरित आणि एक तलंग. उरलेल्या पाचजणींची प्रत्येकीची गोष्ट वेगळी. जुन्या तिघींतल्या दोघी पिसं टाकत होत्या. मानेवर आणि पाठीवर नवी पिसं नळीसारखी फुटत होती. तिसरी जुनी एका पेटीत खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने, बसून होती. हात नेला की फुगायची, गुरगुरायची. चौथी संकरित अंगाने ठीक, पण तिचा तुरा पांढुरका पडलेला. आणि दुसऱ्या तलंगीचं छातीचं हाड बोटाला टोचत होतं.

चार कोंबड्या अंड्यावर आहेत म्हणजे दिवसाला तीनच्या आसपास अंडी हवीत. कोंबडीला एक अंडं तयार करायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यामुळे रोजची वेळ थोडी पुढे सरकत जाते आणि मध्ये एक दिवस खाडा पडतो. चौघींची रोज चार धरायची नाहीत, पण तीन धरायला हरकत नाही. घरी मिळत होती एक किंवा दोन. म्हणजे रोज एखाददुसरं अंडं कुठेतरी नाहीसं होत होतं.

कोंबड्याच अंडी फोडून खात असतील का? कुणाच्या चोचीवर बलक सुकलेला नव्हता, पेटीतलं गवत चिकट नव्हतं. उंदराने दगा दिला असता तर कवचाचे तुकडे किंवा लेंड्या दिसल्या असत्या. दोन्ही शक्यता बाजूला ठेवल्या. दोन दिवस कोंबड्यांना दुपारपर्यंत आतच ठेवा, खाद्य-पाणी आत द्या आणि अंडी नेमकी कुठे पडतात ते लिहून ठेवा, एवढं सांगून मी परतले.

दोन दिवसांत सहा अंडी निघाली. रोज तीन, हिशोबाप्रमाणे. पण सहांपैकी पाच जमिनीवर, दाराजवळच्या कोपऱ्यात. पेटीत एकच. एका पेटीत खुडूक कोंबडी होती हे खरं, पण दुसरी मोकळी होती. तीत ताजं गवत होतं, आडोसा होता. कोंबडी अंडं घालायला अंधारा, आडोशाचा कोपरा शोधते. असा कोपरा समोर असताना ती उघड्यावर का बसते?

उत्तर मुलाने दिलं. तो पायरीवर बसून ऐकत होता. म्हणाला, "पेटीत हात घातला की खाजतं. मी आईला सांगितलं होतं." त्याने मनगट पुढे केलं. बारीक लाल पुळ्या होत्या, गवताने आल्या असतील म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. मग आईलाही आठवलं, की हल्ली संध्याकाळी कोंबड्या आत जायला तयार नसतात. दाराशी घुटमळतात, कुंपणावर बसायला बघतात, हाकलून आत घालाव्या लागतात. कोंबडी दिवस मावळला की आपणहून घरात शिरते. ती शिरायला नाकारते, तेव्हा घरात तिला नको असलेलं काहीतरी असतं. पहिल्याच भेटीत मी विचारायला हवं होतं, "संध्याकाळी त्या कशा आत जातात?" आता खाद्याच्या आधी हाच प्रश्न विचारते.

अंधार पडून तासभर झाल्यावर आम्ही टॉर्च घेऊन खुराड्यात शिरलो. दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद पुसला. कागदावर रक्ताच्या रेघा उमटल्या. दांडी भिंतीत जिथे टेकते त्या खाचेत राखेसारखा करडा थर होता. टॉर्चचा उजेड पडल्यावर तो हलायला लागला. लाल माइट. एक मिलिमीटरपेक्षा लहान, उपाशी असताना करडी, रक्त प्यायल्यावर लाल. ही कीड दिवसा कोंबडीच्या अंगावर राहत नाही. फटींमध्ये, सांध्यांमध्ये, पेटीच्या बुडाशी लपते आणि रात्री बाहेर येते. म्हणूनच दिवसा पिसं फुंकून पाहताना मला काही दिसलं नाही. अंग स्वच्छ आहे म्हणून कीड नाही असं मानून किती तरी लोक महिनेच्या महिने फसतात.

पेटीत तर कहर होता. खुडूक कोंबडी रात्रंदिवस एकाच जागी बसलेली, त्यामुळे किडीला जागचं हलायला नको, जेवण पायाशी. तिच्याखालचं गवत उचललं तर तळाच्या फळीवर लाल ठिपक्यांचा गालिचा. दोन्ही पेट्यांमध्ये एकच फळी, म्हणून शेजारची मोकळी पेटीही भरलेली. फिकट तुऱ्याची संकरित कोंबडी याच पेट्यांच्या वरच्या दांडीवर झोपायची. तिच्यातलं रक्त कमी होत चाललं होतं आणि शरीराने अंडी थांबवली होती.

दुसऱ्या दिवशी कोंबड्या सोडल्या आणि अंड्यावर असलेल्या दोन संकरित कोंबड्यांवर लक्ष ठेवलं. दहाच्या सुमारास एक शांतपणे फळ्यांच्या ढिगामागे गेली. मागे सतरा अंडी होती. ती कधीची होती हे सांगणं शक्य नव्हतं, म्हणून सगळी पुरून टाकली आणि ढीग तिथून हलवला.

कीड आली कुठून? तलंगा आणताना त्यांना वेगळं ठेवलं नव्हतं. थेट आत सोडलं. कीड त्यांच्याबरोबर आली असेल, किंवा छपराखाली घरटं करणाऱ्या रानपाखरांकडून. दोन्ही वाटा उघड्या होत्या. नव्या कोंबड्या तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवाव्यात हा नियम श्वासाच्या आजारांसाठी सांगितला जातो. किडीसाठीही तो तितकाच गरजेचा आहे.

रोगाचाही विचार केला होता. पहिल्या भेटीत एक अंडं बशीत फोडलं. पांढरा भाग घट्ट होता, बलकाभोवती उभा राहिला. इन्फेक्शस ब्राँकायटिस या श्वासाच्या साथीच्या आजारात तो पाण्यासारखा पसरतो, कवचावर सुरकुत्या येतात, आणि कोंबड्या शिंकतात, घरघरतात. इथे यातलं काही नव्हतं. विष्ठेचा नमुना पशुवैद्यांनी तपासला, जंतांची अंडी थोडी निघाली, काळजीची नाहीत. पण ज्यांच्याकडे अंडी कमी होण्याबरोबर शिंका, हिरवी पातळ विष्ठा, वाकडी मान किंवा पाठोपाठ मरतूक असेल, त्यांनी खुराड्याच्या फटी तपासत बसू नये. त्याच दिवशी पशुवैद्यांना गाठावं आणि कोंबड्या इकडेतिकडे नेऊ नयेत.

खुराड्याची सफाई सगळ्या घराने मिळून केली. आतलं सगळं गवत आणि भुसा पोत्यांत भरून बाहेर. दांड्या काढल्या, पेट्यांच्या फळ्या खोलल्या. फटी तारेच्या ब्रशने खरवडल्या, त्यांत साबणाचं कढत पाणी ओतलं आणि दोन दिवस उन्हात वाळवलं. तेवढ्यात कोंबड्या जाळीच्या तात्पुरत्या घरात होत्या. अंगासाठी औषध पशुवैद्यांनी दिलं आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हेही सांगितलं. बाजारात मिळेल ते कीटकनाशक अंड्यावरच्या कोंबडीवर फवारू नका, हे मी हात जोडून सांगते. ते अंड्यातून घरातल्यांच्या पोटात जातं.

एका सफाईने हे संपत नाही. उबदार हवेत या किडीची अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. फटीतली अंडी पहिल्या धुण्यातून वाचतात आणि नवी पिढी उभी राहते. म्हणून सहा-सात दिवसांच्या अंतराने तेच काम तीनदा केलं. तिसऱ्यांदा कंटाळा येतो, कारण डोळ्यांना काही दिसत नसतं. कीड परत येते ती याच कंटाळ्यामुळे. जुन्या दांड्या फेकून नव्या, गुळगुळीत बसवल्या. त्यांची टोकं भिंतीत न खुपसता तेल भरलेल्या वाट्यांत उभ्या केलेल्या पायांवर टेकवली. जमिनीवरून चढणारी कीड तेलात अडकते.

खुडूक मोडायला त्या कोंबडीला जाळीच्या बुडाच्या पिंजऱ्यात, जमिनीपासून उंचावर, उजेडात ठेवलं. खाद्य-पाणी भरपूर, गवताची काडीही नाही. पोटाखालून वारा खेळला की शरीराची ती धग उतरते. तिला चार दिवस लागले. पाण्यात बुडवणं, उपाशी ठेवणं असले प्रकार मी करू देत नाही. आधीच महिनाभर ती अर्धपोटी बसलेली असते, वर तिचं रक्त किडीने प्यालेलं.

रोडावलेल्या तलंगीचं कारण तासभर खुर्ची टाकून बसल्यावर दिसलं. भांडं एकच आणि त्यापाशी जुनी कोंबडी ठाण मांडून. तलंग जवळ आली की डोक्यावर टोच. पाण्याचीही तीच गत, शिवाय भांडं दुपारी उन्हात यायचं. कवच सोडलं तर अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. अर्धा दिवस पाण्याविना गेला तरी अंड्यांवर परिणाम होतो, आणि ही पोर रोजच तहानलेली. दुसरं भांडं, दुसरं पाणी, दोन्ही एकमेकांच्या नजरेआड आणि सावलीत. यापलीकडे तिच्यासाठी काही केलं नाही.

पिसं टाकणाऱ्या दोघींना तर काहीच केलं नाही. दिवस लहान होत चालले होते, उजेड अकरा-साडेअकरा तासांवर आला होता. कोंबडीला उजेड डोळ्यांनी कळतो तसाच कवटीतून थेट मेंदूलाही पोचतो. भरपूर अंडी हवी असतील तर चौदा ते सोळा तास उजेड लागतो. तो कमी होत गेला की शरीर अंडी थांबवून पिसं बदलायला घेतं. पिसं म्हणजे बहुतांश प्रथिनंच, त्यामुळे दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत. घरमालकांनी विचारलं, "दिवा लावू का?" लावता येतो. पहाटे टायमरवर लावावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी तो अचानक विझला तर दांडीवर न पोचलेल्या कोंबड्या अंधारात चाचपडतात. पण मी नको म्हणाले. कीड जाईपर्यंत, रक्त भरून येईपर्यंत जास्त अंडी मागणं मला पटत नव्हतं, आणि तीन वर्षं अंडी दिलेल्या कोंबडीला दोन-तीन महिने विश्रांती मिळायलाच हवी. त्यांनी ते मानलं.

नव्या पेट्यांत खोटी अंडी ठेवली, म्हणजे कोंबड्यांना पुन्हा तिथली सवय लागावी. पहिल्या सफाईनंतर नवव्या दिवशी ढिगामागे जाणारी एक कोंबडी पेटीत बसली. दुसरी आणखी आठवडाभर जागा शोधत फिरली. तिसऱ्या आठवड्यात तीन-चार अंडी नियमित झाली. फिकट तुऱ्याचीचा रंग हळूहळू भरला आणि पाचव्या आठवड्यात तिचं अंडं आलं. त्याच सुमारास रोडावलेल्या तलंगीने पहिलं अंडं घातलं. लहानसं, टोकाला रक्ताची बारीक रेघ असलेलं. पहिल्या अंड्याला तसं होतं, घाबरायचं नाही हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. सहाव्या आठवड्यापासून रोज पाच. जुन्यांपैकी खुडूक मोडलेली मध्येमध्ये देते. पिसं बदललेल्या दोघींपैकी एक परत सुरू झाली, दुसरी झाली नाही. आता होईल असं वाटतही नाही. घरच्यांनी तिला तशीच ठेवली आहे.

उरलेली कीड लपायला यावी आणि सापडावी म्हणून दांडीखाली नालीदार पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला आहे. ही कीड रक्ताविना आठ-नऊ महिने तग धरू शकते, म्हणून वर्षभर तो तिथेच राहणार. दर रविवारी मुलगा तो काढतो, पांढऱ्या कागदावर झटकतो, जे पडेल ते भिंगातून पाहतो आणि त्याच वहीत लिहितो. गेल्या रविवारी दोन ठिपके होते. चौथी सफाई या आठवड्यात करायची ठरली आहे.